पाने गुंडाळणाऱ्या अळीचे नामकरण : भातावरील एका पतंगाच्या ओळखीचा इतिहास

भातखाचरात अळीने गुंडाळलेले पान ओळखण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. पानाच्या दोन्ही कडा लांबीच्या दिशेने एकमेकींकडे ओढलेल्या आणि रेशमी धाग्याच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. आतल्या पोकळीत राहून अळी पानाचा हिरवा गर खरवडून खाते. बाहेरचा पातळ पापुद्रा मात्र तसाच राहतो आणि पानावर पांढुरके, लांबट पट्टे उमटतात. एक अळी आपल्या आयुष्यात अशी अनेक पाने दुमडते. कोकणातील आणि गोमंतकातील भात फुटव्यांवरून पोटरीकडे जात असताना हे पट्टे बांधावरूनही दिसतात. मराठी कृषिलेखनात या किडीस ‘पाने गुंडाळणारी अळी’ असे सरळ नाव आहे. या नावात अळीचा रंग नाही, आकार नाही, ती पुढे कोणता पतंग होते याचा निर्देशही नाही. त्यात आहे ती केवळ तिची करणी.

करणीवरून दिलेले नाव अशास्त्रीय म्हणून बाजूस सारण्याची घाई अभ्यासकाने करू नये. याच खाचरात ‘सुरळीतील अळी’ या नावाची दुसरी कीड असते. ती पानाचा शेंडा कापून त्याची नळी करते, त्या नळीसह पाण्यावर तरंगत एका चुडावरून दुसऱ्या चुडाकडे जाते आणि पाण्यात श्वसन करता यावे म्हणून तिच्या अंगावर कल्ले असतात. गुंडाळलेले पान रोपावरच राहते, सुरळी रोपापासून सुटते. हा भेद शेतकऱ्याच्या भाषेने अचूक टिपला आहे, आणि कीटकशास्त्राच्या दृष्टीनेही या दोन निराळ्या वंशांतील निराळ्या जाती आहेत. परंतु हीच भाषा दुसऱ्या दिशेने फार सैल आहे. कपाशीवरील पाने गुंडाळणारी अळी निराळी, तिळावरील निराळी. आणि भाताची पाने दुमडणाऱ्यांत तर एका फुलपाखराचीही अळी आहे. करणी एक, कर्ते अनेक, अशी ही स्थिती आहे. भाताच्या दुमडलेल्या पानामागे एकच पतंग आहे हे शास्त्राने केव्हा व कशाच्या आधारावर ठरविले, आणि ते ठरविताना कोणती पायरी गाळली गेली, हा या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे.

युरोपातील कीटकविद्येतही करणीवरून वर्गीकरण करण्याची एक परंपरा होती. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी कीटकांवरील आपल्या ग्रंथमालेच्या १७३६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात पाने दुमडणाऱ्या, गुंडाळणाऱ्या आणि एकत्र बांधणाऱ्या अळ्यांचा विस्ताराने विचार केला आहे. अळी इतकी लहान आणि मऊ असूनही ताठ पान कसे वाकविते, धागे कोणत्या क्रमाने लावते, हे त्यांनी जिवंत अळीकडे तासन्‌तास पाहून लिहिले. त्यांच्या दृष्टीने अळी हा एक कारागीर होता आणि कारागिरांची वर्गवारी त्यांच्या कामावरून करणे स्वाभाविक होते. ही परंपरा १७५८ नंतर मागे पडली. लिनीअस यांच्या पद्धतीत पतंगाचे स्थान प्रौढ कीटकाच्या रूपावरून, मुख्यतः पंखांवरून आणि स्पर्शिकांवरून ठरू लागले. पतंगांच्या मोठ्या विभागांना त्यांनी नावांच्या ठराविक शेवटांनी खूणही घातली. पायरॅलिस या विभागातील नावांचा शेवट ‘अ‍ॅलिस’ असा, टिनिया विभागातील ‘एला’ असा, टॉर्ट्रिक्स विभागातील ‘आना’ असा. भातावरील पतंगाच्या मेडिनॅलिस या नावातील शेवटची अक्षरे याच संकेतातून आली आहेत. नाव उच्चारताच त्याचे घराणे कळावे अशी ती सोय होती. लिनीअस यांच्या पद्धतीचा लाभ मोठा झाला, कारण टाचणीवर टोचलेला पतंग समुद्रापार नेता येतो आणि दुमडलेले पान नेता येत नाही. मात्र त्यामुळे नाव एका बाजूस आणि करणी दुसऱ्या बाजूस, अशी जी ताटातूट झाली ती दीर्घकाळ टिकली.

आशिल गेने हे फ्रान्समधील शातोदँ गावचे वकील. व्यवसाय कायद्याचा, परंतु आयुष्य गेले पतंगांच्या अभ्यासात. बोआदुव्हाल यांच्याबरोबर त्यांनी हाती घेतलेल्या ग्रंथमालेचा १८५४ साली निघालेला आठवा खंड पायरॅलिड पतंगांना वाहिलेला आहे. त्यात पूर्वेकडील देशांतून युरोपात पोचलेल्या एका लहानशा, गवती-पिवळ्या पतंगास त्यांनी सॅल्बिया मेडिनॅलिस असे नाव दिले. या पतंगाच्या पुढच्या पंखांवर बाहेरच्या कडेशी काळपट रुंद पट्टा असतो, आत दोन गडद आडव्या रेषा असतात आणि त्या दोहोंच्या मध्ये एक आखूड, अर्ध्यातच थांबलेली रेषा असते. नराच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर मध्याच्या सुमारास गडद खवल्यांचा झुपका असतो. वर्णन करण्यास एवढे पुरेसे होते. सॅल्बिया हा वंश आज मुख्यत्वे अमेरिकेतील जातींपुरता उरला आहे, म्हणजे गेने यांनी केलेली वंशाची निवड टिकली नाही. परंतु त्यांनी दिलेले जातीचे नाव टिकले.

ते टिकण्याचे कारण मात्र त्या वर्णनाच्या सरसपणात नव्हते. ते अग्रक्रमाच्या नियमात होते. १८४२ च्या ब्रिटिश नियमावलीने पुरस्कारिलेला आणि पुढे आंतरराष्ट्रीय संहितेने दृढ केलेला हा नियम सांगतो की, एकाच जातीस अनेक नावे पडली असतील तर सर्वांत आधी प्रसिद्ध झालेले ग्राह्य धरावे. आणि या पतंगास नावे पडण्यास उशीर लागला नाही. ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहातील पतंगांची सूची फ्रान्सिस वॉकर १८५४ ते १८६६ या काळात ३५ भागांत तयार करीत होते. हाती येणाऱ्या प्रत्येक नमुन्यास पूर्वीच्या ग्रंथांशी ताडून पाहण्याइतका अवकाश त्या कामात नव्हता, किंवा त्यांनी तो घेतला नाही. १८५९ साली त्यांनी याच पतंगास बोटिस नर्सिअ‍ॅलिस म्हटले. वॉकर यांनी आयुष्यात २०,००० हून अधिक कीटकांना नवी म्हणून नावे दिली आणि त्यांतील पुष्कळ आज समानार्थी नावांच्या यादीत विसावली आहेत. १८७४ साली ते निवर्तले तेव्हा एका इंग्रजी कीटकशास्त्रीय नियतकालिकातील मृत्युलेखाने त्यांच्या कार्याचा जो परामर्श घेतला, तो मृत्युलेखांच्या नेहमीच्या रीतीस सोडून फार कठोर आहे. तो सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. तथापि वॉकर यांचे नमुने जतन झाले म्हणूनच त्यांच्या चुका पुढे दुरुस्त करता आल्या, हेही तितकेच खरे. नमुना ठेवून केलेली चूक आणि नमुना न ठेवता दिलेले बरोबर नाव यांत पुढच्या पिढीला अधिक उपयोगी कोणते, हा प्रश्न या कथेत पुन्हा उपस्थित होणार आहे.

१८६३ साली व्हिएन्ना येथील युलिउस लेडरर यांनी पायरॅलिड पतंगांची फेरमांडणी प्रसिद्ध केली. पंखांतील शिरांची रचना, मुखांगे व स्पर्शिका यांकडे त्यांचे लक्ष गेने व वॉकर यांच्यापेक्षा बारीक होते. त्यांनी नॅफॅलोक्रोसिस हा नवा वंश स्थापिला आणि त्यात जोलिनॅलिस ही जाती वर्णिली. ही जोलिनॅलिस म्हणजे गेने यांची मेडिनॅलिसच होती, हे नंतर उघड झाले. अशा रीतीने जातीचे नाव गेने यांचे आणि वंशाचे नाव लेडरर यांचे मिळून आजचे नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस सिद्ध झाले. लेडरर यांनी त्याच ग्रंथात मॅरॅस्मिया नावाचा आणखी एक वंश स्थापिला. दिसण्यात जवळचे, परंतु नराच्या अंगावरील खवल्यांच्या झुपक्यांत आणि तत्सम तपशिलांत भिन्न, अशा पतंगांसाठी तो होता. एकाच लेखकाने, एकाच वर्षी, एकाच ग्रंथात घातलेली ही सीमारेषा पुढे शंभर वर्षांनी भाताच्या शेतात येऊन उभी राहील याची कल्पना त्या वेळी कोणास असणे शक्य नव्हते. तिघांनीही जी साधने हाताळली ती पंखांची होती. भाताचे रोप त्यांच्या कथेत कोठेच नाही.

भारतात हा पतंग ग्रंथरूपाने सुलभ झाला तो सर जॉर्ज हॅम्पसन यांच्यामुळे. निलगिरीत चहाचे मळे पाहणारे हॅम्पसन पुढे ब्रिटिश म्यूझियममध्ये गेले आणि ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत पतंगांचे चार खंड त्यांनी १८९२ ते १८९६ या काळात लिहिले. चौथ्या खंडात पायरॅलिड पतंग आहेत. विखुरलेली नावे एकत्र आणणे, पुनरुक्त नावे समानार्थी म्हणून खाली नोंदविणे आणि ओळखीसाठी कळ देणे, हे त्या खंडांचे कार्य. भारतातील कृषी-कीटकशास्त्राचा आरंभ झाला तेव्हा कार्यकर्त्यांच्या हाताशी हाच ग्रंथ होता. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था निघाली. तेथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय कीटकजीवनावरील ग्रंथ १९०९ मध्ये आला, टी. बेनब्रिग फ्लेचर यांचा दक्षिण भारतातील कीटकांवरील ग्रंथ १९१४ मध्ये मद्रास येथून निघाला, टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांचे दक्षिण भारतासाठीचे आर्थिक कीटकशास्त्राचे हस्तपुस्तक १९४० मध्ये. या परंपरेत दुमडलेले पान आणि मेडिनॅलिस हे नाव कायमचे एकत्र बांधले गेले. रेओम्यूर यांची करणी आणि लिनीअस यांचे नाव यांची दीडशे वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा गाठ पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही गाठ कशी मारली गेली हे नीट पाहिले पाहिजे. शेतातून दुमडलेली पाने आणावयाची, अळ्या पिंजऱ्यात वाढवावयाच्या, कोषातून पतंग बाहेर आला की त्याचे पंख हॅम्पसनच्या वर्णनाशी ताडून पाहावयाचे, ही पद्धत निर्दोष होती. पतंग रात्री उडणारा, दिवसा पानाआड दडणारा. अळी पानाच्या आत झाकलेली. कोषही बहुधा पानातच. तेव्हा पाळून पाहण्यावाचून दुसरा उपायच नव्हता, आणि हे काम पहिल्या पिढीने निष्ठेने केले. परंतु पाळून काढलेल्या काही पतंगांवरून ‘भातावर पाने गुंडाळणारी जी अळी ती मेडिनॅलिस’ असे विधान एकदा पाठ्यपुस्तकात आले, की पुढच्या निरीक्षकास पाळण्याची गरज उरली नाही. दुमडलेले पान दिसले की तो अहवालात मेडिनॅलिस लिहू लागला. म्हणजे पूर्वी पतंगावरून जे नाव ठरत होते ते आता पानावरून ठरू लागले. शास्त्रीय नाव हे ‘पाने गुंडाळणारी अळी’ या देशी नावाचे केवळ लॅटिन भाषांतर झाले. त्यातील निर्णायक अंश निघून गेला आणि भारदस्तपणा तेवढा राहिला. हा दोष एका व्यक्तीचा किंवा संस्थेचा नाही. ज्या किडीमुळे फारसे नुकसान होत नाही तिच्या प्रत्येक नमुन्याची जननेंद्रिये उकलून पाहण्यास कोणी वेळ देत नाही, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कीड दुय्यमच समजली जात होती.

परिस्थिती पालटली ती १९६० नंतर. त्या वर्षी फिलिपीन्समध्ये लोस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. १९६६ साली तिचा आयआर ८ हा बुटका, अधिक उत्पन्नाचा वाण बाहेर आला. अशा वाणांना नत्रखताची मात्रा मोठी लागते. नत्राने पाने हिरवीगार व मऊ राहतात, आणि पाने खाणाऱ्या अळीस ते मानवते. आशियात अनेक ठिकाणी पाने गुंडाळणाऱ्या अळीचा उपद्रव वाढला आणि दुय्यम समजली गेलेली कीड संशोधनाच्या मध्यभागी आली. प्रतिकारक वाणांचा शोध, परोपजीवी गांधीलमाश्यांच्या नोंदी, कीटकनाशकांच्या चाचण्या, नुकसानीची मर्यादा ठरविणे अशी कामे सुरू झाली. या प्रत्येक कामात नाव हे एकक असते. हजारो वाणांवर अळ्या सोडून कोणता वाण तग धरतो हे पाहावयाचे, तर त्या अळ्या एकाच जातीच्या आहेत हे गृहीत धरावे लागते. ते गृहीत तपासलेले नव्हते.

तपासणी झाली ती फिलिपीन्समध्ये. भातावरून वाढविलेल्या पतंगांच्या पंखांवरील रेषांत दिसणारे फरक हे व्यक्ति-व्यक्तींमधील किरकोळ फरक नव्हेत, असे तेथील अभ्यासकांच्या लक्षात आले. पंखांवरील रेषा फसव्या असतात. जाळ्यात पकडलेल्या किंवा दिव्यावर आलेल्या पतंगाचे खवले झडतात आणि आखूड रेषा पूर्ण की अपूर्ण हे सांगणे कठीण होते. निर्णायक पुरावा पोटाच्या टोकाशी असतो. पोट वेगळे काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळावे, मांसल भाग विरघळल्यावर उरलेली कठीण जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली मांडावीत, ही पद्धत युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ झाली होती. इंग्लंडमध्ये पिअर्स यांनी नॉक्टुइड पतंगांच्या जननेंद्रियांवर १९०९ सालीच स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता. भातावरील पतंगास ती लावली गेली तेव्हा पाऊण शतक उलटत आले होते. १९८१ साली लंडनच्या जे. डी. ब्रॅडली यांनी आग्नेय आशियातील भातावरून मॅरॅस्मिया पॅटनॅलिस ही नवी जाती वर्णिली. जी अळी शेतात मेडिनॅलिसच्या शेजारच्याच पानात राहते, तसेच पान दुमडते, तसेच पांढरे पट्टे पाडते, ती लेडरर यांच्या दुसऱ्या वंशातील आणि आजवर निनावी होती. याखेरीज मॅरॅस्मिया एक्झिग्वा ही आधीपासून ज्ञात असलेली जातीही भातावर असल्याचे दिसून आले. बॅरिअन, लिट्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली फिलिपीन्समधील या जातिसमूहाची ओळख, जीवनक्रम व नियंत्रण यांची एकत्रित मांडणी प्रसिद्ध केली. तेव्हापासून ‘भातावरील पाने गुंडाळणारी अळी’ हे एका जातीचे नाव न राहता एका समूहाचे नाव ठरले. देशी नाव प्रथमपासून तेच सांगत होते. त्याने कधीच एका जातीचा दावा केला नव्हता. भारतातूनही या समूहातील एकाहून अधिक जातींच्या नोंदी पुढे झाल्या.

या शोधाचा अर्थ मागील साहित्यापुरता काय होतो, हे बहुतेक ग्रंथांत एका वाक्यात आटोपले जाते, वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने तेथेच खरी अडचण आहे. १९८१ पूर्वीच्या शेकडो लेखांत मेडिनॅलिस हे नाव आले आहे. त्यांतील किती लेख मेडिनॅलिसविषयी आहेत? जेथे अळ्या पाळून पतंग काढले आणि ते टाचणीवर ठेवले, तेथे आजही पोट उकळून उत्तर मिळू शकते. जेथे केवळ शंभर पानांत इतकी पाने दुमडलेली असे मोजले गेले, तेथे ते आकडे पानांविषयी खरे आहेत, जातीविषयी नाहीत. जेथे एखाद्या परोपजीवी गांधीलमाशीचा यजमान म्हणून मेडिनॅलिस नोंदले आहे, तेथे गांधीलमाशी तज्ज्ञाने ओळखलेली आणि तिचा यजमान मात्र पानावरून लिहिलेला, असा विषम पुरावा असू शकतो. प्रतिकारक वाणांच्या चाचण्यांचेही तेच. एखादा वाण एका ठिकाणी टिकला आणि दुसऱ्या ठिकाणी टिकला नाही, तर त्याचे कारण हवामानात, खतात शोधले गेले. ते अळीच्या जातीतही असू शकते हा पर्याय त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. कोकणातील भातकिडींच्या जुन्या अहवालांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ही चाळणी प्रथम लावावी हे इष्ट. १९७२ मध्ये दापोलीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, म्हणजे कोकणातील विद्यापीठीय कीटकशास्त्राची पहिली काही वर्षे ही पॅटनॅलिसच्या पूर्वीची आहेत. अशा अहवालांतील मेडिनॅलिस हा शब्द, सोबत नमुना नसेल तर, ‘पाने गुंडाळणारी अळी’ असाच वाचावा लागतो. त्यामुळे त्यांचे मोल शून्य होत नाही. किती क्षेत्रात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाणावर पाने दुमडली गेली याची ती प्रामाणिक साक्ष आहे.

करणीचे नाव मनावर किती पगडा बसविते याचे आणखी एक उदाहरण नियंत्रणाच्या क्षेत्रातले आहे. गुंडाळलेले पान ठळक दिसते, म्हणून शेतकरी हंगामाच्या आरंभीच त्यावर फवारणी करतो. १९९० नंतर फिलिपीन्समध्ये व व्हिएतनाममध्ये के. एल. हिआँग आणि एम. एम. एस्कलाडा यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, रोप लहान असताना झालेली ही हानी नवे फुटवे व नवी पाने येऊन बव्हंशी भरून निघते आणि आरंभीच्या फवारण्या बहुधा व्यर्थ जातात. लोंबीच्या लगतचे शेवटचे पान खाल्ले गेले तर गोष्ट निराळी, कारण दाणा भरण्याचे बरेचसे काम त्याच पानावर असते. व्हिएतनाममधील मेकाँगच्या खोऱ्यात १९९४ पासून पहिले ४० दिवस फवारणी न करण्याचा प्रचार झाला आणि फवारण्या लक्षणीय घटल्या. डोळ्यास दिसणारी खूण म्हणजे हानी नव्हे आणि तीच खूण म्हणजे जातीही नव्हे. दोन्ही चुका एकाच मुळाच्या आहेत.

दरम्यान वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्याही हलल्या. जुन्या ग्रंथांत हा पतंग पायरॅलिडी कुलात आणि पायरॉस्टिनी उपकुलात सापडतो. या पतंगांना उदराच्या मुळाशी श्रवणेंद्रिये असतात. पायरॅलिड पतंगांच्या एका मोठ्या गटात या श्रवणेंद्रियाची कुपी पुढून उघडी असते आणि दुसऱ्या गटात बंद, या व तत्सम भेदांवर जोएल मिने यांनी १९८० नंतरच्या दशकात भर दिला. उघड्या कुपीचा गट पुढे क्रॅम्बिडी हे स्वतंत्र कुल म्हणून सर्वत्र मान्य झाला. पायरॉस्टिनीतून स्पायलोमेलिनी हे उपकुल वेगळे निघाले आणि नॅफॅलोक्रोसिस त्यात गेला. २०१२ साली जनुकीय पुराव्यावर आधारलेल्या वंशवृक्षाने कुलांची ही विभागणी उचलून धरली. २०१९ मध्ये स्पायलोमेलिनीची १३ जमातींत मांडणी झाली. वंशाच्या पातळीवर मात्र उलट दिशेने प्रवास झाला. लेडरर यांचे नॅफॅलोक्रोसिस आणि मॅरॅस्मिया, जपानमध्ये १९३० साली स्थापिलेला सुसुमिया, भारतीय संशोधक कालरा, डेव्हिड व बॅनर्जी यांनी १९६७ साली स्थापिलेला निओमॅरॅस्मिया, हे सर्व वंश अनेक सूचीकार आता नॅफॅलोक्रोसिस या एकाच नावाखाली घालतात. त्यांच्या मते पॅटनॅलिसचेही नाव नॅफॅलोक्रोसिस पॅटनॅलिस असे लिहावयाचे. काहींनी मॅरॅस्मिया अजून वेगळा ठेवला आहे. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो: वंश एक झाले म्हणून जाती एक झाल्या असे समजले जाते. घर एक झाले, माणसे वेगळीच राहिली. नावातील पहिला शब्द बदलला तरी १९८१ साली दाखविलेला जातिभेद कोणीही मागे घेतलेला नाही.

भेद येथेच संपतो असे मानण्यास मात्र आधार नाही. मेडिनॅलिस हा दूरवर स्थलांतर करणारा पतंग आहे. जपानच्या मुख्य बेटांवर तो हिवाळा काढू शकत नाही आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून तेथे येतो. चीनमध्ये खुणा करून सोडलेले पतंग दूरच्या प्रांतांत पुन्हा पकडले गेले आहेत. २०१२ साली त्याच्या तंतुकणिकांतील संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोही चीनमधील संशोधकांनी. पूर्व आशियातील मेडिनॅलिसविषयी आपल्याला बरेच कळले आहे, आणि ते ज्ञान नावाच्या आधारावर भारतीय पाठ्यपुस्तकांत उतरते. परंतु मादी नरास बोलाविण्यासाठी जे गंधद्रव्य सोडते त्यासंबंधीचे निष्कर्ष देशोदेशी जुळत नाहीत. जपानी संशोधकांनी २००० साली जपानमधील माद्यांच्या गंधद्रव्यात अठरा कर्बाणूंची आल्डिहाइडे व अल्कोहोले दाखविली. त्यापूर्वी भारतातील व फिलिपीन्समधील पतंगांविषयी जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते त्यांत अ‍ॅसिटेटे होती. पतंगांत गंधद्रव्याचा भेद हा सामान्यतः जातिभेदाचा फार जवळचा साथी असतो, कारण वेगळ्या गंधाकडे नर जात नाही. तेव्हा एकाच जातीच्या दूरदूरच्या समूहांत गंध बदलला, किंवा परीक्षेस घेतलेले पतंग एका जातीचे नव्हते, किंवा ज्यास मेडिनॅलिस म्हणतात तेच नाव अद्याप एकाहून अधिक जातींवर पांघरलेले आहे, यांपैकी काहीही शक्य आहे. निर्णय गंधाच्या रसायनाने एकट्याने होणार नाही. त्यासाठी गंधपरीक्षेत वापरलेलेच पतंग, पोट काढून, जननेंद्रियांची काचपट्टी व जनुकीय तपासणीसाठी एक पाय राखून, स्थळ, तारीख व यजमान वनस्पती लिहिलेल्या चिठ्ठीसह टाचणीवर उभे असावे लागतात, आणि त्यांच्या शेजारी गेने यांनी १८५४ साली ज्यास नाव दिले त्या पतंगाशी पडताळलेला नमुना.